झाडांचा कसाई

हणमंतराव आमच्या दवाखान्यात यायचे ते औषधासाठी नाही, विषासाठी. मोरचूद आणि गंधकाची भुकटी. भोरमध्ये तेव्हा या दोन वस्तू खात्रीच्या मिळायच्या त्या आमच्याकडे, आणि त्या तोलून देणं हे कंपौंडर म्हणून माझं काम होतं.

पहिल्यांदा आले तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर डॉक्टरांच्या पत्नीने हौसेने गुलाबाच्या कुंड्या मांडल्या होत्या. उंच, रापलेला, खाकी अर्धी विजार आणि डोक्याला पटका बांधलेला एक माणूस पायऱ्या चढता चढता थांबला. वाकला. एका गुलाबाचं पान उलटं करून बघितलं, फांदीवरून अंगठा खालपर्यंत फिरवला, आणि मी काही बोलायच्या आत ते झाड मुळासकट उपटून पायरीवर आपटलं. मग शेजारच्या झाडांची पानं ओरबाडायला लागला, तेव्हा मी धावलो.

"अहो, हे काय चालवलंय?"

"मेलेलं झाड हाय ह्ये. उभं हाय म्हनून तुमास्नी जित्तं वाटतंय." त्यांनी ती फांदी माझ्या नाकासमोर धरली. शेंड्याकडून काळी पडत आलेली ती फांदी बुडापर्यंत काळी झाली होती. "हे वरनं खाली मरत येतं. चार बोटं काळी हुती तवा हिरव्यात कापली असती तर वाचली असती. आनि ह्या बाकीच्यांवर काळं ठिपकं हायत. ही पानं मातीत पडू देऊ नगा, जाळा. न्हाईतर पुढल्या साली हीच बुरशी वर चढंल."

"बाईसाहेब रागावतील."

"रागावू द्यात. फुलं आली म्हंजी हसत्याल."

बाईसाहेब रागावल्या. नंतर फुलंही आली; पण त्या हसल्या नाहीत. त्या उपटलेल्या झाडाचं कलम त्यांच्या माहेरचं होतं.

भोरात हणमंतरावांना लोक 'झाडांचा कसाई' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे. बाबासाहेब इनामदारांचा बंगला नीरेच्या काठी होता. पुढे हिरवळ, बाजूला गुलाब आणि शेवंतीचे वाफे, मागे आंबे-चिकू. त्या सगळ्याचे कर्तेधर्ते हणमंतराव. मूळचे ते तोरण्याच्या पायथ्याचे, वेल्ह्याजवळच्या एका वाडीतले. पहिल्या महायुद्धाच्या लढाईत खेचरांच्या तुकडीबरोबर बसऱ्याला गेले होते. परत आल्यावर पुण्याच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाच्या बागेत राहिले आणि रोपांची दुखणी तिथे शिकले. साहेब विलायतेला गेला तेव्हा हे भोरला आले.

त्यांची बाग बघायला जाणं म्हणजे एखाद्या शस्त्रक्रियेला उभं राहण्यासारखं होतं. कमरेला धार लावलेला चाकू, हातात कात्री, आणि एका माळ्याच्या हातात जळता टेंभा. एका झाडाची फांदी कापली की कात्रीचं पातं ज्वाळेतून काढायचं, मगच दुसऱ्या झाडाला हात लावायचा. बुरशीवरच्या औषधासाठी मोरचुदाचं निळं पाणी आणि चुन्याचं पांढरं पाणी वेगवेगळ्या मडक्यांत कालवून मग एकत्र ओतायचे. लोखंडाच्या घमेल्यात कालवू द्यायचे नाहीत. कालवून झालं की चाकूचं पातं त्यात बुडवून धरायचे. पात्यावर तांबूस झाक चढली की म्हणायचे, "अजून चुना घाला. न्हाईतर रोगाआधी पानंच जळत्याल." गुलाबावर भुरी आली, म्हणजे पानं पीठ शिंपडल्यासारखी पांढरी झाली, की गंधक. पानामागे केशरी पूड दिसली की तो तांबेरा. ती पानं पहाटेच्या दवात खुडून चुलीत. पाणी सकाळी घालायचं आणि बुडाशी घालायचं, पानांवर नाही. "रातभर वल्ल्या कपड्यात निजून बगा," ते माळ्यांना म्हणायचे, "मग कळंल झाडाला काय व्हतं ते."

रोगाला ते शिव्या द्यायचे. अगदी माणसाला द्याव्यात तशा, आईबहिणीवरून. आणि माणसांनाही तसंच वागवायचे. एका माळ्याने रोगट फांदी कापलेली कात्री तशीच शेजारच्या धडधाकट झाडाला लावली, तेव्हा हणमंतरावांनी त्याच्या कानशिलात अशी भडकावली की कानातून रक्त आलं. तो माळी माझ्याकडे आला. पडदा फाटला होता. मी कापूस घालून त्याला घरी पाठवलं आणि संध्याकाळी बागेत जाऊन हणमंतरावांना म्हणालो, "माणूस आहे हो तो. ऐकू यायचं नाही त्याला आता त्या कानानं."

ते वाफा खुरपत होते. वर न बघता म्हणाले, "बसऱ्याला माझ्या गावचा एक गडी हुता. पायाला गोळी चाटून गेली. आंगठा काळा पडला. म्या म्हनलं, कापा. डाक्तर म्हनला, बगू. मग घोटा काळा झाला, मग पोटरी. शेवटाला मांडीपतुर कापला आनि मंग त्यो मेला." खुरपं थांबलं. "माझा धाकला भाव हुता त्यो, कंपौंडर."

पण तो माळी पुन्हा बागेत आला नाही, हेही खरं आहे.

बाबासाहेबांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळचा प्रकार भोरात बरीच वर्षं सांगितला जायचा. पानसुपारी हिरवळीवर व्हायची होती. लग्न जवळ आलं आणि हिरवळीत पिवळट-तपकिरी चकंदळं, म्हणजे गोल डाग, दिसायला लागली. सकाळी दव असताना त्या चकंदळांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चमकायची. लग्नासाठी पुण्याहून आलेले बाबासाहेबांचे मेहुणे म्हणाले, गवत तहानलंय, पाणी पाजा. ते रोज दिवेलागणीला मोट चालवायला लावायचे. हणमंतराव सांगत राहिले, की सांजेच्या पाण्यानेच हे वाढतंय. मेहुणे ऐकेनात. तेव्हा एका संध्याकाळी हणमंतराव विहिरीवर गेले आणि चालत्या मोटेचा नाडा कोयत्याने तोडला. मोट विहिरीत गेली, बैल पुढे कोलमडले, मोटकऱ्याचा गुडघा फुटला.

मेहुण्यांनी छडी उगारली. ती हणमंतरावांनी हिसकावून गुडघ्यावर मोडली, मेहुण्यांना गळपट्टीला धरून हिरवळीवर नेलं आणि एका चकंदळात त्यांचं तोंड खुपसलं. "वास घ्या. घ्या वास. कुजकट येतोय का न्हाई? तहानलेल्याला असा वास येतो का?"

दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी त्यांना काढून टाकलं. जाण्यापूर्वी हणमंतरावांनी प्रत्येक चकंदळाभोवती बाहेरच्या बाजूने चर मारला, आतलं गवत मातीसकट उचलून जाळलं आणि खड्ड्यांत नदीची वाळू भरली. लग्नात वऱ्हाडी त्या वाळूच्या गोलांना वळसे घालून फिरत होते. पावसाळ्यानंतर मात्र हिरवळ एकसारखी भरून आली, आणि त्याच हिवाळ्यात गुलाबांवर भुरी चढली. बाबासाहेबांनी परत या म्हणून निरोप पाठवला. मला ते म्हणाले होते, "हा माणूस मला नको आहे हो. माझ्या बागेला हवा आहे."

या माणसाचं चुकत नसे असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांच्या घरामागे सोनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विंझरहून माहेरचं कागदी लिंबाचं रोप आणून लावलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. लिंब चांगलं पुरुषभर उंच झालं, आणि मग त्याची पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. हणमंतरावांनी तशी पिवळी झाडं छावणीच्या बागेत बघितली होती. एकाची लागण दुसऱ्याला होऊन अख्खी रांग गेलेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी कुऱ्हाड काढली. सोनाबाई झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ह्याला हात लावायचा न्हाई. आदी मला तोडा."

त्यांनी सोनाबाईंना दंडाला धरून बाजूला ढकललं. त्या धोंड्यावर पडल्या आणि मनगट मोडलं. त्या तिथे पडलेल्या असतानाच हणमंतरावांनी झाड तोडलं, आणि मग मुळं खणायला लागले. मुळांभोवतीची माती पांढरीफटक होती. त्याच जागी बसून ते इतके दिवस औषध कालवत आले होते आणि उरलेला चुन्याचा गाळ त्याच झाडाच्या बुडात ओतत आले होते. झाडाला रोग नव्हता. त्यांच्या चुन्याने माती अशी झाली होती, की झाडाला तिच्यातून जे हवं ते घेता येत नव्हतं. माती बदलली असती तर लिंब पुन्हा हिरवं झालं असतं.

मनगटाला फळ्या बांधायला मी गेलो तेव्हा हणमंतराव खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले होते. हातात पांढऱ्या मातीचा गोळा. मला म्हणाले, "म्याच केलं ह्ये." नंतर त्यांनी कुठून कुठून लिंबाची रोपं आणली. सोनाबाईंनी एकही लावू दिलं नाही. खड्डा तसाच राहिला. पावसात त्यात पाणी साचायचं.

विंझरच्या पुढे डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत खंडू नावाचा शेतकरी होता. त्याने वऱ्हाडातून संत्र्याची कलमं आणून बाग लावली होती. त्या मुलखात भात आणि नाचणी पिकायची, संत्री कुणी बघितली नव्हती. खंडूला त्या बागेचा मोठा अभिमान. पहिला बहर धरायच्या वेळेला झाडांच्या बुंध्यांतून लालसर चिकट पाणी गळायला लागलं, पानं झडायला लागली. खंडूने देवरुष्याला आणलं. देवरुषी म्हणाला, बागेवर कुणाची तरी नजर बसली आहे, झाडं रक्त गाळतायत. बागेच्या बांधाला लागून भागीरथी नावाच्या विधवेचं झोपडं होतं. नवरा पटकीत गेलेला, पोर तापाने गेलेलं. नजर लावणारं दुसरं कोण असणार?

सोनाबाईंचा भाऊ धर्माजी हे सांगायला भोरला आला आणि हणमंतराव त्याच्याबरोबर निघाले. त्याने सांगितलं ते बागेच्या रोगाचं. बाईवरच्या संशयाचं त्यांच्या कानावर पडलंच असेल, पण ते निघाले ते झाडांसाठी. पुढचं मी धर्माजीकडून ऐकलं, नंतर भागीरथीकडून, आणि खटल्यात सगळ्यांसमोर. तिन्हीकडचं सारखंच होतं.

ते पोचले तेव्हा दुपार होती. भागीरथीला सगळ्यात जास्त गळणाऱ्या झाडाला बांधलं होतं. केस भादरले होते. एक हात कोपरात उलटा लोंबत होता. खंडू भिजवलेल्या दोराने तिला मारत होता आणि दर फटक्याला विचारत होता, "सोडतीस का न्हाई? सोडतीस का न्हाई माझ्या बागंला?" वाडीतली माणसं भोवती उभी होती. बायकाही होत्या.

हणमंतराव गर्दीतून आत गेले. आधी त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. तिच्या डोक्याच्या बाजूला झाडाच्या सालीवर अंगठा दाबला, चिकट पाणी बोटावर घेऊन हुंगलं.

"डिंक्या हाय ह्यो," ते खंडूला म्हणाले. "बुडात पानी मुरून साल कुजलीया. सोड तिला."

"तुमी झाडाचं बगा, पावनं. हिचं आमी बगतो."

"झाडाचंच सांगतूया. ह्या बाईचा काय संबंद न्हाई. सोड."

खंडूने पुन्हा दोर उगारला आणि मारला. तो तिच्या तोंडावर बसला. तेव्हा हणमंतरावांनी तिच्याकडे पाहिलं.

त्यांच्या खांद्यावर कुदळ होती. कुदळीचा दांडा त्यांनी खंडूच्या मांडीवर मारला. खंडू पडला. तिथे ते थांबले असते, तर पुढचं सगळं निराळं झालं असतं. ते थांबले नाहीत. पडलेल्या खंडूच्या त्याच पायावर ते मारत राहिले. हाड मोडल्याचा आवाज आला तरी मारत राहिले, त्याने हात जोडले तरी मारत राहिले. धर्माजी सांगायचा, "दाजींचं डोळं कुनालाच वळखत नव्हतं." खंडूचा भाऊ धोंडी कोयता घेऊन आला. हणमंतरावांनी डावा हात आडवा धरला. अंगठा आणि शेजारचं बोट राहिलं, बाकीची तीन बोटं मातीत पडली.

रक्त उडालं तशी माणसं पळाली. धोंडी स्वतःच्या हातातल्या कोयत्याकडे बघत राहिला आणि मग तोही पळाला. हणमंतरावांनी पटका सोडून हाताला गुंडाळला, चाकूने भागीरथीचे दोर कापले. ती खाली घसरली. आणि मग या माणसाने काय केलं, तर उजव्या हाताने त्या झाडाचं बूड उकरायला घेतलं. खंडूने जास्त पीक यावं म्हणून शेणखताचे ढीग बुंध्याला टेकवून लावले होते आणि पाण्याचे पाट झाडांच्या बुडातूनच फिरवले होते. खत बाजूला सारलं तशी आतली काळी, आंबूस वासाची, बोटाने निघणारी साल उघडी पडली.

"बग बाय, ह्ये बग," ते भागीरथीला म्हणत होते. "तू न्हाई केलंस. ह्या पान्यानं केलं. बग."

पुढे भागीरथी मला म्हणाली होती, "कंपौंडरदादा, मला त्या येळी पानी पायजे हुतं. जीब टाळ्याला चिकटली हुती. आनि ह्यो मानूस मला झाडाचं मूळ दावीत हुता."

दोघांना एकाच बैलगाडीतून धर्माजीने भोरला आणलं. तिच्या पाठीवर कातडं असं उरलं नव्हतं. हणमंतराव पुढच्या खोलीत बसून आपला हात पुढे करून डॉक्टरांना सांगत होते, "काळं पडत असंल तर आजच वरनं कापा. बगू म्हनू नगा." डॉक्टरांनी कापलं. भूल द्यायच्या आधी हणमंतरावांनी मला विचारलं, "त्या खंडूचा पाय?" मी म्हणालो, "अजून आणलेला नाही." खंडूला आणायला उशीर झाला. पाय राहिला, पण तो पाय असा नुसता लोंबता राहिला.

खटला उभा राहिला. वाडीने भागीरथीला निरोप धाडला, की साक्ष दिलीस तर परत येऊ नकोस. आणि साक्षीच्या आधीच तिचं झोपडं जाळून टाकलं. तिने साक्ष दिली. पाठीवरचा पदर काढून पाठ दाखवली. हणमंतरावांच्या वकिलाने त्यांना पढवलं होतं, की बाईला सोडवताना झटापटीत लागलं असं म्हणा. ते उभे राहिले आणि म्हणाले, "पैला दांडा तिला सोडवाय मारला, सायेब. बाकीचं माझ्या रागाचं."

त्यांना तुरुंग झाला. धोंडीलाही झाला. खंडूला जन्माचा पांगळा म्हणून थोडक्यात सोडलं. भागीरथीला सोनाबाई घरी घेऊन गेल्या. त्या मागच्या खड्ड्याजवळ दोघी संध्याकाळी भाजी निवडत बसलेल्या मला दिसायच्या. बाबासाहेबांनी भागीरथीला बागेत कामाला घेतलं.

तुरुंगातून आलेले हणमंतराव निम्मे झाले होते. डाव्या हाताने फांदी धरता येईना. भागीरथी धरायची, ते कापायचे. पहिल्या दिवशी ते तिच्यावर ओरडले, तेव्हा ती फांदी सोडून म्हणाली, "वरडायचं न्हाई. मला वरडनं सोसत न्हाई." त्यानंतर त्या बागेत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. त्यांनी कुणावर हात टाकलेलाही पाहिला नाही. पुढे पुढे रोप कोलमडलं की माती उकरून तीच आधी सांगायची, रोप सुकवणारी ही मर कुठून लागली आहे ते. कधी दोघांचं जमायचं नाही आणि तासभर एका शेवंतीवरून हुज्जत चालायची. ती त्यांना 'दादा' म्हणायची.

दुसरी लढाई सुरू झाली आणि मोरचूद मिळेनासा झाला. थोडा यायचा, तोही जखमांच्या औषधाला राखून ठेवावा लागायचा. हणमंतराव तरी यायचे, उभे राहायचे, जायचे, पुन्हा यायचे. बागेला लागतो त्याहून ते जास्त मागतायत हे माझ्या लक्षात आलं होतं. एक दिवस भागीरथीने विचारलं, "ह्यो मोरचूद दादा कुठं नेत्यात? बागंत तर येत न्हाई." मला ठाऊक नव्हतं. त्या उन्हाळ्यात देवी टोचायला मी विंझरकडे गेलो, तेव्हा कळलं.

खंडूच्या बागेत हणमंतराव गुडघ्यावर बसून बुंध्याची कुजकी साल चाकूने खरवडत होते, खाली पांढरी-हिरवी निरोगी साल लागेपर्यंत. मग त्यावर मोरचूद-चुन्याचा लेप. प्रत्येक झाडाला त्यांनी दोन आळी केली होती, आतलं कोरडं आणि बाहेरचं पाण्याचं, म्हणजे पाणी बुंध्याला शिवू नये. खंडू कुबडी मांडीवर घेऊन बांधावर बसला होता आणि एकसारखा शिव्या देत होता.

"लंगडा करून आता मलम लावाय आलाय भाडखाऊ."

हणमंतराव खरवडत राहिले. मला बघून एवढंच म्हणाले, "ह्याला वाकता येत न्हाई. पाय म्या मोडला. मग झाडं कुनी बगायची?"

मी भागीरथीला सांगितलं नाही. पण धर्माजीकडून तिला कळलंच. बागेत गुलाबांच्या वाफ्याशी मी उभा असताना तिने त्यांना गाठलं.

"खंडूच्या झाडास्नी औषिद लावता तुमी?"

"लावतो."

"माझी पाठ कुनी फोडली?"

"त्यानं."

"आनि?"

"झाडांनी न्हाई फोडली, बाय."

"मला त्याच झाडाला बांदलं हुतं," ती म्हणाली. "तुमी खरवडता त्याच झाडाला. माझं केस चिकटलं हुतं त्याच्या डिंकाला."

हणमंतरावांनी कात्री खाली ठेवली आणि बागेतून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते वाडीला गेले आणि ते झाड तोडलं. रोगातून उठलेलं, नव्या पालवीने भरलेलं, फळ धरलेलं झाड. धर्माजी म्हणाला, निरोगी झाडावर कुऱ्हाड घालताना त्यांचे पहिले घाव सालीवरून घसरले. खंडू खुरडत आला आणि कुबडीने त्यांच्या पाठीत मारायला लागला. ते मारू देत राहिले. झाड पडेपर्यंत तो मारत होता आणि हे तोडत होते. परत आले तेव्हा पाठ काळीनिळी होती. मी तेल लावलं. मग ते बागेत गेले, भागीरथीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तोडलं ते झाड."

भागीरथीने त्यांच्याकडे बघितलं. "आनि बाकीची?"

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. फांदी धरायची, कापून झाली की सोडायची. सोनाबाईंनी दोघांना समजावून बघितलं. हणमंतराव म्हणायचे, "तिचं बराबर हाय." आणि तरी पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा वाडीला जाऊन आले. त्याच्या पुढच्याही.

त्या शेवटच्या फेरीतून मात्र ते परत आले नाहीत. वळीव झोडपून गेला होता, गुंजवणी नदीला लोंढा होता. खंडूच्या बागेतलं काम उरकून ते सोनाबाईंच्या माहेरी निघाले होते आणि नदी उतरायला जाऊ नका, असं खंडू बांधावरून ओरडून सांगत होता म्हणतात. त्यांनी ऐकलं नाही. खाली एका वळणावर बाभळींच्या मुळांत ते सापडले. खंडूनेच खुरडत जाऊन माणसं गोळा केली. भोरला निरोप आला तेव्हा भागीरथी वाफ्यात पाणी देत होती. तिने पाण्याची झारी खाली ठेवली, आणि घरी जाऊन संध्याकाळपर्यंत सोनाबाईंच्या शेजारी बसून राहिली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच फेरीला निघताना. सकाळी मी दवाखान्याकडे चाललो होतो. बागेच्या फाटकातून ते तट्टाचा लगाम धरून बाहेर आले. तट्टावर चुन्याचं पोतं, मोरचुदाची पुडी मीच आदल्या दिवशी दिलेली. भागीरथी त्यांच्यामागे फाटकापर्यंत आली. हाक मारली नाही. नांगरटीतलं एक ढेकूळ तिने उचललं आणि जोरात मारलं. ते त्यांच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध बसलं आणि फुटलं. तट्टू बिचकलं.

हणमंतराव थांबले. मागे वळून पाहिलं नाही. लगाम आखडून, पाठ तशीच तिच्याकडे ठेवून, मान थोडी खाली घालून ते रस्त्यात उभे राहिले. आणखी मारायचं असेल तर मार, अशा तऱ्हेने. बराच वेळ उभे राहिले. फाटकाशी भागीरथीचा हात पुन्हा ढेकळांकडे गेला आणि तिथेच राहिला.

मग त्यांनी तट्टाला चुचकारलं आणि चालू लागले.